फ्री डिश आणि यूएसबी रेकॉर्डिंग: आषाढीच्या आत सगळं मार्गी लावायचंय

कातळवाट

मंडळी, राजापूर तालुक्यातल्या आमच्या घरी डीडी फ्री डिशची ६० सेंटिमीटरची छत्री आहे. आषाढीला पहाटेची पंढरपूरची महापूजा सह्याद्रीवर थेट दाखवतात, ती आई दरवर्षी न चुकता बघते. यंदा डॉक्टरांनी झोप मोडू नका असं बजावलंय, त्यामुळे तिला दोन वाजता उठू द्यायचं नाही असं घरात ठरलं. सकाळी आंघोळ, देवपूजा आटपून तिला निवांत बघता यावं म्हणून यूएसबीवर रेकॉर्डिंग होतं असा बॉक्स घेतला. मी पुण्यात असते. गावी शेजारचा मुलगा हुशार आहे, फोनवर सांगितलं की तो सगळं करतो.

अडचणी अशा. सरावासाठी सह्याद्रीच्या संध्याकाळी ७ च्या बातम्या टायमरला लावल्या. ७ ला काहीच झालं नाही. पेन ड्राइव्हमध्ये फाइल सापडली, पण तिच्यात मध्यरात्रीनंतरचं भलतंच काहीतरी होतं. हाताने सुरू केलेलं रेकॉर्डिंग होतं, पण मध्येच चित्राचे चौकोन पडतात आणि आवाज तुटतो. लाइट जाऊन आली की टायमर चालतच नाही. आणि काही खासगी वाहिन्या अधूनमधून पूर्ण गायब होतात, तेव्हाही सह्याद्री मात्र दिसत असते.

पाऊस सुरू झालाय. सुरुवात कुठून करू?

सिग्नलसखा

ताई, छत्र्या बसवण्याचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून सांगतो: या चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत, एकीचं औषध दुसरीला चालणार नाही. सोपी आधी घेऊ. बॉक्सच्या मेन्यूत घड्याळ किती दाखवतंय ते त्याला बघायला सांगा. माझा अंदाज, संध्याकाळी ७ वाजता तिथे दुपारचे १:३० दिसत असणार. उपग्रहावरून येणारी वेळ ग्रिनिचची असते आणि बॉक्सने तिच्यात साडेपाच तास मिळवायचे असतात. टाइम झोन शून्यावर राहिला की तुम्ही टायमरला घातलेले १९:०० आपल्या रात्री १२:३० ला उजाडतात. सेटिंगमध्ये +५:३० करा. पाच आणि सहा असे पूर्ण तासच निवडता येणारे काही बॉक्स असतात. तसा असेल तर जवळचा आकडा ठेवायचा आणि टायमर लावताना अर्ध्या तासाचा हिशेब करायचा.

टायमरचा प्रकार 'रेकॉर्ड' आहे ना तेही बघा. नुसतं वाहिनी बदलणारा टायमर वेगळा असतो, आणि बऱ्याच बॉक्समध्ये आधी तोच निवडलेला येतो.

चौकोनांसाठी मला आकडे लागतील. सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. दोन्ही कळवा. केबल किती लांब आहे, मध्ये जोड आहे का, हेही सांगा.

कातळवाट

तुमचा अंदाज तंतोतंत खरा निघाला, घड्याळ साडेपाच तास मागे होतं! +५:३० केलं आणि आजच्या ७ च्या बातम्या पूर्ण रेकॉर्ड झाल्या. मनापासून आभार.

स्ट्रेंग्थ ८२, क्वालिटी ४८. पावसाची सर आली की क्वालिटी एकदम शून्य. केबल साधारण ३० मीटर आहे. छत्री मागच्या पडवीच्या कौलांच्या कडेला, टीव्ही माजघरात. छपराखाली एक जोड आहे, त्याला काळी टेप गुंडाळलेली आहे.

तारांकित

क्वालिटी कमी आहे ना, मग २०-२५ डेसिबलचा लाइन अँप्लिफायर लावून टाका. स्वस्त मिळतो. माझ्याकडे लावल्यावर स्ट्रेंग्थ ९५ च्या वर गेली.

सिग्नलसखा

@तारांकित, स्ट्रेंग्थ वाढली हे खरं, पण क्वालिटी किती झाली? अँप्लिफायर आलेला सिग्नल वाढवतो आणि त्याच्यासोबत आलेली खरखरही तेवढीच वाढवतो. दोघांचं प्रमाण ठरतं ते छत्रीच्या आकारावर, ती किती नेमकी लागलीय यावर आणि एलएनबीवर, म्हणजे ताटलीसमोरच्या दांड्यावरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीवर. ते एकदा ठरलं की पुढे घरात काहीही लावा, सुधारत नाही, बिघडू मात्र शकतं. ताईंची स्ट्रेंग्थ ८२ आहे, म्हणजे पुरेसा सिग्नल आत पोचतोय. केबल खूपच लांब असली तर अँप्लिफायरला अर्थ आहे, तोही एलएनबीच्या जवळ लावला तर.

ताई, आधी तो जोड. साधी काळी टेप पाणी अडवत नाही, उलट आत गेलेलं पाणी धरून ठेवते. पिन काढून मधली तार नीट बघायला सांगा. तांबूस आणि चकचकीत असेल तर उत्तम. हिरवट किंवा काळपट पडली असेल आणि भोवतीच्या जाळीची पांढरी भुकटी झाली असेल, तर नुसतं पुसून पुन्हा जोडू नका, स्वच्छ तार लागेपर्यंत केबल कापत मागे जा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात अशी केबल वीत-दोन वीत आतपर्यंत खराब झालेली मी पाहिलीय.

नवी पिन बसवताना बाहेरचं काळं आवरण साधारण दीड सेंटिमीटर सोलायचं, जाळी मागे उलटी दुमडायची, पांढरा भाग पिनेच्या आतल्या तळाशी सपाट टेकला पाहिजे आणि मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर दिसली पाहिजे. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी शॉर्ट होतं, कारण त्याच केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वर जात असतात. त्यामुळे हे सगळं बॉक्सचा प्लग काढूनच करायचं. जमलं तर जोड ठेवूच नका, एकसंध आरजी-६ केबल टाका. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथून टपकेल, पिनेपर्यंत येणार नाही.

माडाचीवाडी

+१. आमच्याकडे वेंगुर्ल्याला एलएनबीच्या पिनेवर रबरी सील टेप लावतात, ती ताणून गुंडाळली की स्वतःतच चिकटून एकजीव होते. पावसाळाभर टिकते.

एक विचारायचं होतं, आग्नेयेला झाडं आहेत का? आमचा प्रश्न केबलचा नव्हताच, आंब्याचा होता. मे महिन्यापर्यंत चित्र झकास आणि पालवी भरली, ओली झाली की संपलं.

कातळवाट

आग्नेयेला माड आहेत! साधारण पाच-सहा मीटरवर. पण छत्री तर समोर सपाट बघतेय, माडांच्या शेंड्यांकडे नाही, असं तो मुलगा म्हणतो.

सिग्नलसखा

छत्री दिसते तशी बघत नाही. ती ऑफसेट प्रकारची असते, म्हणजे एलएनबीचा दांडा खालून बाहेर आलेला असतो आणि सिग्नल ताटलीच्या तोंडाच्या दिशेपेक्षा वीस-पंचवीस अंश वरून येऊन त्याच्यावर पडतो. फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, ९३.५ अंश पूर्व. राजापूरहून तो उपग्रह आग्नेयेला, होकायंत्रावर १२८ अंशांच्या आसपास आणि क्षितिजापासून जवळजवळ ६० अंश वर आहे. पुण्याहून साधारण १३१ अंशांवर, नागपूरहून १४४ च्या पुढे, उंची सगळीकडे साठीच्या आगेमागेच. होकायंत्र पत्र्यापासून आणि लोखंडी खांबापासून दूर धरा, नाहीतर सुई फसते.

६० अंश म्हणजे बरंच वर. पाच मीटरवरचं झाड छत्रीच्या पातळीपेक्षा साडेआठ मीटर उंच असेल तरच आडवं येईल. माड तेवढा सहज असतो. त्या जागेवरून १२८ अंशांकडे तोंड करून वर बघायचं, झावळ्या दिसल्या तर छत्री दोन-तीन मीटर सरकवायची. माड तोडायचा विचारही करू नका, छत्री हलवणं सोपं.

छत्री हलवली की पुन्हा लावताना क्वालिटीच्या पट्टीवरच नजर ठेवा. वारंवारता ११०९०, व्हर्टिकल (उभ्या लहरी), सिम्बॉल रेट (माहिती येण्याचा वेग) २९५००, एलएनबी ९७५०/१०६०० हे घाला. अगदी हळू, केसभर सरकवायचं आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला आकडा दाखवायला वेळ लागतो. घाईत फिरवणारा माणूस नेमक्या जागेवरून पुढे निघून जातो. डावं-उजवं झालं, वर-खाली झालं की शेवटी एलएनबीची पकड सैल करून ती जागच्या जागी थोडी फिरवून बघा. हे बहुतेक जण करतच नाहीत, आणि क्वालिटीची बरीच वाढ तिथेच राहून जाते.

नागपुरी_तंतू

लाइटबद्दल मी सांगतो. या बॉक्समध्ये घड्याळाची बॅटरी नसते. लाइट आली की वेळ उपग्रहाकडून घ्यावी लागते. त्या क्षणी जोराचा पाऊस असेल, सिग्नल नसेल, तर घड्याळ शून्यावरच राहतं आणि टायमर मेमरीत असूनही सुटत नाही. तुमच्याकडे लाइट जाणार ती पावसातच, म्हणजे दोन्ही एकदम होणार.

त्यावर खात्रीचा उपाय आहे. बहुतेक फ्री डिश बॉक्स १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालतात. वायफाय राउटरसाठी जो छोटा १२ व्होल्टचा डीसी यूपीएस मिळतो तो मध्ये लावा. बॉक्सच्या अडॅप्टरवर किती अँपिअर लिहिलेत ते बघून त्याहून जास्त देणारा घ्या, पिनेचा आकार आणि आतलं-बाहेरचं अधिक-उणे जुळतंय ना ते तपासा. बॉक्स दहाएक वॉटच खातो, त्यामुळे तीन-चार तास जातील. टीव्ही चालू असण्याची गरज नाही.

आणि आईंना सांगा की रात्री भिंतीवरचं बटण बंद करायचं नाही. रिमोटने स्टँडबायवर ठेवायचं. आपल्याकडे झोपताना सगळी बटणं बंद करायची सवय असते आणि टायमर त्यातच जातो.

माडाचीवाडी

पण विजा चमकत असतील तर बटण बंद आणि छत्रीची केबलही काढून ठेवायची, हे आईंना आधी सांगा. कुठलंही रेकॉर्डिंग त्यापेक्षा मोलाचं नाही. कोकणात विजांचा जोर वळवाच्या आणि परतीच्या पावसात जास्त, आषाढात त्या मानाने कमी, तरी कानावर घाला. छत्रीचा खांब अर्थिंगला जोडून घ्या.

रेषाचित्र

चौकोन सिग्नलमुळे पडतात की पेन ड्राइव्हमुळे, हे कोणीच विचारलं नाही. ओळखायची सोपी रीत आहे. रेकॉर्डिंग चालू असताना तीच वाहिनी थेट बघत बसा आणि चित्र कधी तुटलं ते लिहून ठेवा. नंतर फाइल लावा. थेट बघताना जिथे तुटलं तिथेच फाइलमध्ये तुटत असेल, तर दोष छत्रीकडचा. थेट चित्र स्वच्छ होतं आणि फाइलच अडखळतेय, तर पेन ड्राइव्ह लिहिताना मागे पडतोय.

एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या चित्राच्या वाहिनीला खरं तर फार वेग लागत नाही. २९५०० सिम्बॉल रेटच्या एका ट्रान्सपाँडरवर (उपग्रहावरचा एक प्रक्षेपक, त्याच्या एकाच वारंवारतेवर अनेक वाहिन्या येतात) साधारण ४० मेगाबिट मावतात. त्यात वीसेक वाहिन्या धरल्या तर एकीच्या वाट्याला दोन मेगाबिट, म्हणजे ताशी १ जीबीच्या आतबाहेर. चांगल्या कंपनीचा ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह भरपूर झाला. बाजारात नकली फार आहेत, ३२ लिहिलेलं आणि आत ८ सुद्धा नसतं. त्यामुळे एकदा तो पूर्ण भरून परत वाचून बघावा.

पेन ड्राइव्ह बॉक्सच्याच मेन्यूतून फॉरमॅट करा. एफएटी-३२ या फॉरमॅटमध्ये एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. काही बॉक्स तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतात, काही गुपचूप थांबतात. तुमच्या बॉक्समध्ये एनटीएफएस चालत असेल तर तेच निवडा. महापूजा आणि आधीचं-नंतरचं धरून चार तासांच्या आत असेल तर चिंता नाही. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क मात्र थेट लावू नका. ती सुरू होताना यूएसबीचा करंट पुरत नाही आणि नेमकं तेव्हाच बॉक्स रीस्टार्ट होतो.

आणि तारीख! रात्री १२ नंतरचा कार्यक्रम पुढच्या तारखेत जातो. आदल्या रात्री झोपताना टायमर लावणारा माणूस हमखास आदल्या दिवसाची तारीख ठेवतो. एकादशीची तारीख घालायची, सुरुवात पंधरा मिनिटं आधी आणि शेवट तासभर उशिरा.

कातळवाट

केवढी माहिती दिलीत सगळ्यांनी! वाचनखूण साठवलीय, आणि मुद्दे त्या मुलाला मराठीत टाइप करून पाठवलेत.

राहिलेली तक्रार खासगी वाहिन्यांची. सह्याद्री असते, त्या नसतात. त्यांच्या माहितीच्या पानावर ११५५० असा आकडा दिसतो. आणि गेल्या वर्षी घरामागच्या सड्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिलाय, त्याचा संबंध असेल का?

सिग्नलसखा

असू शकतो, आणि तुम्ही आकडा दिलात म्हणून नीट सांगता येतंय. एलएनबी ११५५० मधून ९७५० वजा करून उरलेली वारंवारता केबलमधून खाली पाठवते. उरतात १८०० मेगाहर्ट्झ. मोबाइलचा १८०० चा बँड नेमका तिथेच लागून आहे. केबलची जाळी सलग असेल, पिना घट्ट असतील तर टॉवरचं काही आत शिरत नाही. जाळी सडली, पिन सैल झाली की तीच केबल टॉवरसाठी अँटेना बनते. ११०९० वजा ९७५० म्हणजे १३४०, ते टॉवरच्या पट्ट्यापासून लांब आहे, त्यामुळे तिथल्या वाहिन्या शाबूत राहतात. तुमची सह्याद्री कुठल्या आकड्यावर आहे ते बघा, म्हणजे पडताळा मिळेल.

उपाय तोच. सडलेला जोड काढा, चांगली दुहेरी जाळीची केबल, दाबून बसवायच्या पिना. बॉक्समागे केबल आणि मोबाइल एकत्र ठेवू नका.

दर वर्षी फ्री डिशवरच्या जागांच्या लिलावानंतर १ एप्रिलच्या सुमारास खासगी वाहिन्या बदलतात, हेही असतं. तेव्हा नव्याने स्कॅन करावं लागतं आणि जुने टायमर चुकीच्या वाहिनीवर जाऊन बसतात. स्कॅन केलं की टायमर पुसून नवे लावायचे.

तारांकित

मग इतका खटाटोप करण्यापेक्षा पैसे भरून मिळणारा डीटीएचचा रेकॉर्डर बरा नाही का? टाटा स्काय प्लस २००८ पासून होता की.

रेषाचित्र

वापरायला तो सोपा, यात वाद नाही. पण सशुल्क डीटीएचचं रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असतं, त्याच बॉक्सवर आणि पॅक चालू असेपर्यंतच दिसतं. फ्री डिशची फाइल आईंना पुढच्या वर्षीही बघता येईल, लॅपटॉपवर व्हीएलसीत लागेल. घरच्यांसाठी ठेवा, इंटरनेटवर मात्र चढवू नका, हक्क दूरदर्शनचे आहेत.

ऱ्हाइनकाठ

जर्मनीतून लिहितेय. इथे आमची छत्री आस्ट्रा उपग्रहाच्या १९.२ अंशांवर आहे. एक बघत दुसरं रेकॉर्ड करायचं तर दोन ट्यूनरना (बॉक्समधल्या वाहिनी पकडणाऱ्या भागांना) दोन स्वतंत्र केबली किंवा एकाच केबलवर अनेक ट्यूनर चालवणारी युनिकेबल एलएनबी लागते, कारण वाहिन्या व्हर्टिकल-हॉरिझाँटल आणि वरच्या-खालच्या वारंवारता अशा चार गटांत विभागलेल्या आहेत आणि एक केबल एका वेळी एकच गट आणते. एआरडी या जर्मन सार्वजनिक प्रसारण संस्थेने ७ जानेवारी २०२५ ला उपग्रहावरचं एसडी प्रक्षेपण बंद केलं तेव्हा ओळखीच्यांचे जुने बॉक्स एका दिवसात निकामी झाले. म्हणून भारतातही नवा बॉक्स घेताना एमपेग-४ आणि डीव्हीबी-एस२ (चित्र दाबण्याची आणि उपग्रहावरून पाठवण्याची नवी पद्धत) असलेलाच घ्या, असं मी आईबाबांना सांगते.

नागपुरी_तंतू

एमपेग-४ बद्दल सहमत. पण फ्री डिशवाल्यांना चार गटांचा त्रास नाही. आपले ट्रान्सपाँडर व्हर्टिकल आणि खालच्याच पट्ट्यात आहेत, त्यामुळे एका एलएनबीची एकच केबल साध्या स्प्लिटरने दोन बॉक्सना देता येते आणि दोघांवर हव्या त्या वाहिन्या दिसतात. मी असंच करून एक शाखा रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला लावलेल्या यूएसबी ट्यूनरला दिलीय, त्यावर टीव्हीहेडएंड हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर चालतं. एकाच ट्रान्सपाँडरवरच्या दोन वाहिन्या ते एका ट्यूनरवर एकदम रेकॉर्ड करतं. ताईंसाठी हे जास्त होईल, पण ज्यांना आवड आहे त्यांनी जरूर करून बघा.

माडाचीवाडी

मार्चच्या मध्याला आणि सप्टेंबर संपताना सकाळी अकराच्या सुमारास काही मिनिटं चित्र गेलं तर छत्रीला हात लावू नका. सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागे येतो तेव्हा. चारसहा दिवसांत आपोआप थांबतं.

कातळवाट

काम झालं! जोड उघडला तर आत पाणी होतं आणि जाळीची खरंच पांढरी भुकटी. नवी एकसंध केबल टाकली, छत्री झावळ्यांपासून बाजूला घेतली, एलएनबी फिरवून बघितली. क्वालिटी ७६. ११५५० वरच्या वाहिन्याही परत आल्या. काल सर आली तेव्हा आकडा खाली आला पण चित्र टिकलं.

तरी दोन प्रश्न. मुसळधार पावसासाठी मोठी छत्री घेऊ का? आणि काकांच्या खोलीत दुसरा बॉक्स आहे, त्यांना स्प्लिटरने जोडायचं तर काय बघून घ्यायचं?

सिग्नलसखा

वा, ७६ फार छान! आषाढीचा पाऊस कसा पडेल ते कोणाच्या हातात नाही, पण ६० ऐवजी ९० सेंटिमीटरची छत्री लावली तर साडेतीन डेसिबलची भर पडते. ज्या सरीत आत्ता चित्र जातं त्यातल्या बऱ्याच सरी त्यामुळे निभावतात. ढगफुटीसारख्या पावसात तीही जाईल. कौलांच्या कडेला ९० ची लावू नका, वारा धरते. जमिनीवर काँक्रीटमध्ये खांब रोवून लावा. तेवढं जमत नसेल तर ७५ ची घ्या, पावणेदोन-दोन डेसिबल तरी मिळतात.

स्प्लिटर ५ ते २४०० मेगाहर्ट्झ असं लिहिलेला घ्या. केबल टीव्हीचा जुना १००० पर्यंतचा अजिबात चालणार नाही. त्याच्या एका तोंडावर 'पॉवर पास' लिहिलेलं असेल, ती बाजू रेकॉर्डिंगच्या बॉक्सला, म्हणजे जो यूपीएसवर कायम चालू आहे त्याला. दोन्ही तोंडं पॉवर पास असतील तर काकांच्या बॉक्सच्या मेन्यूत एलएनबी पॉवर बंद करा. स्प्लिटर घराच्या आत, कोरड्या जागी लावायचा. लावून झाल्यावर काकांचा बॉक्स पूर्ण बंद ठेवून एकदा रेकॉर्डिंग होतंय ना ते बघा, मग त्यांचा चालू करून पुन्हा बघा.